शाळेची वीज तोडली, अनुदान परत गेलं. आता कुणाला धरायचं? (मदत हवी आहे)

समितीवाला
नमस्कार मंडळी. घाईत लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. आमच्या शाळेचं लाइट कनेक्शन कापलंय. बिल थकलं होतं. मुख्याध्यापक म्हणतात अनुदान मार्चच्या शेवटी शेवटी पडलं, खर्ची टाकायच्या आत ३१ तारीख उलटली आणि पैसे परत गेले. एका कार्यालयात गेलो तर "आमच्याकडे नाही, तिकडे जा". तिकडे गेलो तर "अजून कागद आलेले नाहीत". मोटर बंद, म्हणून टाकीत पाणी नाही. पोरं घरून बाटल्या आणतात. संडासात पाणी नाही म्हणून सहावी-सातवीच्या मुली मधल्या सुट्टीत घरी जातात त्या परत येत नाहीत. सरळ सांगा, कुणाकडे तक्रार केली की काम होईल? उपदेश नको.

आकडेमोड
शाळा कुठली? झेडपीची, पालिकेची, की संस्थेची अनुदानित? पट किती? मीटर कुणाच्या नावावर? हे कळल्याशिवाय सगळं हवेत.

कोथरूडचा_नाना
माहिती अधिकार टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. मी सोसायटीच्या ड्रेनेजसाठी टाकला होता, साहेब स्वतः चहा प्यायला आले.

समितीवाला
नाना, ३० दिवस पोरांनी काय करायचं? आणि सरकारी शाळा आहे हो, अजून काय सांगू.

आकडेमोड
"सरकारी" हे उत्तर नाही. झेडपी आणि पालिका यांची दारं वेगळी, साहेब वेगळे. तुम्ही चुकीच्या दारात उभे असाल तर महिनाभर उभे राहाल.

बाणेर_आई
आरटीईतून (शिक्षण हक्क कायदा) खासगी शाळेत टाका ना मुलांना. २५ टक्के जागा असतात. २०२४ मध्ये सरकारने एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना त्यातून सूट दिली होती, ते उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत रद्द केलं. ऑनलाइन अर्ज असतो.

समितीवाला
ताई, २४३ पोरं आहेत. सगळी टाकू?
बाकीच्यांसाठी: गाव २०२१ ला पुणे महापालिकेत गेलं, तेव्हा घेतलेल्या २३ गावांतलं. शाळेच्या पाटीवर अजून जिल्हा परिषदच आहे. पहिली ते सातवी. मी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष.

आकडेमोड
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर!

निवृत्त_गुरुजी
अध्यक्षसाहेब, ३४ वर्षं झेडपीत काढली, त्यातली बरीच मुख्याध्यापक म्हणून. आधी पैशाचं सांगतो.

तुम्ही म्हणता ते संयुक्त शाळा अनुदान, समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं. केंद्र ६० टक्के, राज्य ४० टक्के. पटावर टप्पे ठरलेत. ३० पर्यंत १० हजार, ३१ ते १०० ला २५ हजार, १०१ ते २५० ला ५० हजार, २५१ ते १००० ला ७५ हजार, त्यापुढे एक लाख. वर्षाला. तुमचा पट २४३ म्हणजे ५० हजार. त्यातला किमान १० टक्के स्वच्छतेवर घालायचा, राहिले ४५. त्यात वीज, पाणी, खडू-कागद, किरकोळ दुरुस्ती सगळं. आणि आता पूर्वीसारखे पैसे खात्यात पडून राहत नाहीत. शून्य शिलकीचं खातं, वरून खर्चाची मर्यादा येते, त्या मर्यादेतच खर्च. ३१ मार्चला उरलेली मर्यादा संपते. मर्यादा २५-२६ मार्चला आली की मुख्याध्यापक कोटेशनं गोळा करणार, ठराव घेणार, की बिलं चढवणार? बिचाऱ्याला दोष देऊ नका.

तुमचं महिन्याचं बिल किती येतं?

समितीवाला
सहा-साडेसहा हजार. आधी दोन-अडीच यायचं. मग एका कंपनीने डिजिटल बोर्ड दिले, कॉम्प्युटर दिले, बोअरला नवीन मोटर बसवली.

आकडेमोड
४५,००० भागिले १२ म्हणजे महिन्याला ३,७५०. सगळं अनुदान नुसत्या विजेवर घातलं तरी पुरत नाही.
आणि हे टप्पे काय डोक्याने केलेत बघा. पट २५० असेल तर एका मुलामागे वर्षाला २०० रुपये. पट १००० असेल तर ७५ रुपये. शहराच्या कडेला जिथे बांधकामावरच्या मजुरांची पोरं येऊन पट वाढतो, तिथेच मुलामागचा पैसा कमी होतो.

हिंजवडी_शटल
माझा अनुभव वेगळा आहे. आमच्या कंपनीचा सीएसआर (सामाजिक कामाचा) ग्रुप आहे, आम्ही मावळात शाळा रंगवल्या, टॅब दिले. सरकारच्या नावाने रडण्यापेक्षा प्रपोजल पाठवा, थकबाकी एका दिवसात क्लिअर होईल. व्यनि (खासगी निरोप) करा.

शेवंता
टॅब चार्ज कुठे करतात हो?

हिंजवडी_शटल
टोमणा कळला. पण काहीच न करण्यापेक्षा बरं ना?

शेवंता
बरं कसं? वर बिल बघा, अडीच हजारांचं साडेसहा हजार झालं ते देणगीच्या बोर्डांमुळेच. वस्तू देणाऱ्याचा फोटो निघतो. बिल भरणाऱ्याचा निघत नाही, म्हणून ते कुणी देत नाही. दरमहाचा खर्च हा देणगीचा विषयच नाही, ते सरकारचं काम आहे. आरटीई कायद्याच्या कलम ७ मध्ये पैशाची जबाबदारी केंद्र आणि राज्य दोघांवर टाकलीय. कोठारी आयोगाने १९६६ ला राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर म्हटलं, २०२० च्या धोरणात पुन्हा तेच सहा टक्के. १८८२ ला शिक्षणावरच्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी याच पुण्यातून लिहून दिलं होतं की तिजोरी भरते रयतेच्या कष्टाने आणि सरकार खर्च करतं वरच्या वर्गांच्या शिक्षणावर.

कोथरूडचा_नाना
तेव्हा इंग्रज होते. आता आम्ही मिळकतकराच्या बिलात शिक्षण कर भरतो, वेगळी ओळ छापलेली असते. तो कुठे जातो ते विचारा. म्हणूनच म्हणतो, माहिती अधिकार टाका.

आकडेमोड
नाना, राज्याचा शिक्षण कर १९६२ च्या कायद्याने लागतो. पालिका तो नुसता वसूल करून राज्याकडे भरते. ती ओळ दाखवून पालिकेशी भांडून उपयोग नाही.

पेठेतला
मूळ मुद्दा वेगळाच आहे. मराठी शाळेत पोरं घालतो कोण आता? इथे लिहिणाऱ्या किती जणांची मुलं पालिकेच्या शाळेत आहेत?

समितीवाला
माझी दोन आहेत.

पेठेतला
तुमचा अपवाद. मी जनरल बोलतोय.

निवृत्त_गुरुजी
भांडणं नंतर करा. अध्यक्षसाहेब, ते वीज बिल समोर घ्या. वर नाव काय छापलंय? आणि "दर संकेत" लिहिलंय तिथे काय आहे?

समितीवाला
शाळेत जाऊन फोटो काढून आणला. नाव: ग्रामसेवक, ग्रामपंचायत. दर संकेतात कमर्शियल लिहिलंय.

निवृत्त_गुरुजी
तरीच! ग्रामपंचायत २०२१ मध्येच बरखास्त झाली, म्हणजे हे बिल आपलं म्हणणारं कुणी उरलंच नाही. पूर्वी पंचायत वित्त आयोगाच्या पैशातून भरत असणार, म्हणून शाळेला कधी कळलं नाही. दुसरं, शाळेला दुकानाचा दर लागायला नको. "सार्वजनिक सेवा" असा वेगळा वर्ग आहे, त्यात सरकारी शाळा बसते. दर बदलाचा अर्ज आजच द्या, शाळेचं यूडायस (सरकारी शाळा-नोंदणी क्रमांक) प्रमाणपत्र जोडा. थकबाकी जाणार नाही, पण पुढचं बिल उतरेल.

समितीची तातडीची सभा लावा आणि ठराव घ्या. ठरावात वीज पहिली लिहू नका. आरटीईच्या परिशिष्टात विजेचा उल्लेखच नाही, वाचून बघा. पिण्याचं पाणी आणि मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं मात्र आहेत. म्हणून लिहा, पाणी बंद आहे, मुली शाळा सोडून जात आहेत, कारण वीज तोडली आहे. कलम ९ चा आधार द्या, त्यात इमारत आणि सोयी पुरवणं हे स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य म्हटलंय. पत्र एकच, पण झेडपीचे शिक्षणाधिकारी आणि पालिकेचा शिक्षण विभाग दोघांना, दोघांची नावं दोन्ही प्रतींवर दिसतील असं. आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. नानांचा माहिती अधिकार त्यानंतर टाका, शाळा झेडपीकडून पालिकेकडे देण्याच्या पत्रव्यवहाराच्या प्रती मागा.

कोथरूडचा_नाना
शेवटी आलात ना माझ्यावर.

समितीवाला
गुरुजी, मुख्याध्यापक ठरावावर सही करायला घाबरतायत. बदली होईल म्हणतात.

निवृत्त_गुरुजी
ठराव समितीचा असतो, ते नुसते सचिव. सूचक-अनुमोदक पालकांतले घ्या, शक्यतो त्या मुलींच्या आया. कायद्याने समितीत निम्म्या बायका असायलाच हव्यात, आहेत ना?

समितीवाला
कागदावर आहेत. सभेला नवरे येतात. उद्या घरोघर जाऊन आयांनाच घेऊन येतो.

हिंजवडी_शटल
तोपर्यंत पाण्याच्या टँकरचं मी बघतो. फोटो काढणार नाही. शेवंताताई, चालेल?

शेवंता
चालेल. पावती समितीच्या नावाने करा.

बाणेर_आई
जाता जाता, आरटीईच्या अर्जाला भाडेकरार नोंदणीकृतच लागतो का?

आकडेमोड
हो, नोंदणीकृतच. नोटरी केलेला चालत नाही. पण वेगळा धागा काढा.