पहिल्यांदाच बर्फातल्या घाटात गाडी न्यायची आहे: टायर, साखळ्या आणि रात्रीचं पार्किंग

घाटवेडा:
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आम्ही चौघं गाडीने बर्फाळ डोंगरात जाणार आहोत. गाडी पेट्रोल, मॅन्युअल, फ्रंट व्हील ड्राइव्ह. टायर ऑल-सीझन, त्यांवर 'एम+एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलंय. बर्फावर चालवायचा अनुभव शून्य. तीन शंका आहेत. या टायरवर साखळ्या चढवल्या की भागेल का, आणि त्या कुठल्या चाकांना? पकड वाढावी म्हणून टायरची हवा कमी करतात, ते बरोबर का? आणि गाडी रात्रभर उणे १५ अंशांत उघड्यावर राहणार आहे, त्याची काय तयारी करू?

चाकोरी:
'एम+एस' वर विसंबू नका. ती खूण टायरच्या खाचांच्या रचनेबद्दल सांगते, बर्फावर चाचणी झाल्याचं नाही. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण अशी खूण शोधा. ती चाचणी पार केलेल्या टायरवरच असते. खाचा ४ मिमीपेक्षा कमी उरल्या असतील तर हा प्रवास त्या टायरवर नको. बदलायचे तर चारही बदला. फक्त पुढचे दोन बदलले तर पुढचं टोक रस्ता धरतं आणि उतारावरच्या वळणात मागचं सुटतं, गाडी गर्रकन फिरते.

तुमच्या गाडीला साखळ्या पुढच्या चाकांना, कारण इंजिनाची ताकद तिथे जाते. पण वरचा धोका इथेही आहेच, म्हणून साखळ्या लावून उतरताना वेग अगदी कमी ठेवा. साखळ्या विकत घेण्याआधी गाडीचं माहितीपुस्तक वाचा. काही गाड्यांत चाक आणि सस्पेन्शनमध्ये इतकी कमी जागा असते की साखळी ब्रेकची नळी कापू शकते. घरी कोरड्या जमिनीवर दोन-तीनदा, हातमोजे घालून चढवून बघा. घाटात त्या चढ सुरू होण्याआधी, सपाट जागा बघून लावायच्या. गाडी रुतल्यावर चाकाखाली साखळी सरकवणं महाकठीण. शंभरेक मीटर जाऊन उतरा आणि पुन्हा ताणा, कारण पहिल्या काही फेऱ्यांत ती सैल होतेच. वेग ५० च्या आत. डांबर दिसू लागलं की काढा, नाहीतर साखळी तुटून फेंडर (चाकावरचा पत्रा) फाडते.

हवा कमी करू नका. थंडीने ती आपोआपच उतरते, दर ५-६ अंशांना साधारण १ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक). २५ अंशांत भरलेली हवा उणे १५ ला सातेक पीएसआयने कमी दिसेल. वर पोचल्यावर सकाळी, टायर गार असताना मोजा आणि कंपनीने दिलेल्या आकड्यापर्यंत भरा.

गार_इंजिन:
रात्रीचं मी सांगतो. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर उणे ३५ च्या आसपासपर्यंत काळजी नाही. वाटेत नुसतं पाणी ओतत आलेल्या गाड्यांचा धोका मोठा: पाणी गोठून फुगतं आणि इंजिनाचा ब्लॉक तडकतो. बॅटरी तीन-चार वर्षं जुनी असेल तर निघण्याआधी लोड टेस्ट (भार टाकून ती किती ताकद देते याची तपासणी) करून घ्या. थंडीत तिची ताकद घटते, त्यात ऑइल घट्ट झाल्याने स्टार्टरला जास्त जोर लागतो.

हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओली केबल किंवा ब्रेकचे शू (चाक दाबून धरणाऱ्या पट्ट्या) गोठले तर मागची चाकं सुटत नाहीत. सपाट जागी, पहिल्या गिअरमध्ये, चाकाला दगड लावून उभी करा. वायपर उचलून ठेवा. काच धुण्याच्या वॉशरमध्ये उणे २० अंशांपर्यंत न गोठणारं द्रव भरा आणि ते नळीत पोचेपर्यंत फवारा. सकाळी काचेवर गरम पाणी कधीच ओतू नका, काच तडकते; खरवडणीने साफ करा. टपावरचा बर्फही पाडा. पहिल्याच ब्रेकला तो घसरून पुढच्या काचेवर येतो आणि समोरचं काही दिसत नाही.

घाटवेडा:
खूप आभार. उतारावर ब्रेक लावायचाच नाही का?

चाकोरी:
लावायचा, पण सरळ रस्त्यावर, वळणाच्या आधी आणि हलका. उतार सुरू होण्याआधीच दुसऱ्या गिअरमध्ये या. गिअर खाली घेताना क्लच हळू सोडा. झटका बसला तर पुढची चाकं तिथेच घसरतील. एबीएस (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) लागून पेडल थरथरलं तर पाय उचलू नका. पुढच्या गाडीपासून आठ-दहा सेकंदांचं अंतर ठेवा. सगळ्यात निसरडं शून्य अंशांच्या आसपास असतं, कारण बर्फावर पाण्याचा थर येतो. पूल आणि सावलीतली वळणं दुपारीही गोठलेलीच समजा.

गार_इंजिन:
एक राहिलंच, आणि ते सगळ्यांना सांगून ठेवा. बर्फात अडकून गाडीतच थांबावं लागलं तर हीटर लावण्याआधी उतरून सायलेन्सरचं तोंड फावड्याने मोकळं करा. ते बुजलं की कार्बन मोनॉक्साइड आत येतो, त्याला वास नसतो. तासाला दहा मिनिटं इंजिन चालवा, वारा ज्या बाजूने येतो तिच्या पलीकडच्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवा आणि दर वेळी इंजिन सुरू करण्याआधी सायलेन्सर पुन्हा बघा. त्यासाठी टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. फावडं डिकीत तळाशी नको, हाताशी ठेवा.