घाटात दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ब्रेक दाबला की पेडल दगड होते. बूस्टर बदलू का?

संत्राबाग_अचलपूर:

नमस्कार मंडळी. थोडं लांब लिहितो, कारण अर्धवट सांगितलं की उत्तरही अर्धवटच मिळते.

गाडी २००६ ची डिझेल जीप. पुढं डिस्क, मागं ड्रम. मी घेतली तेव्हाच ती दोन हातांतून आलेली होती. बायको धारणीच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. सोमवारी पहाटे तिला परतवाडा, घटांग, सेमाडोह, हरिसाल या रस्त्यानं सोडून येतो आणि शनिवारी दुपारी आणतो. म्हणजे आठवड्यात दोनदा जाणं, दोनदा येणं, आणि घाट चुकत नाही.

मागच्या शनिवारी येताना घटांग सोडलं आणि परतवाड्याकडचा उतार लागला. पहिल्या वळणावर ब्रेक बरोबर लागला. लगेच पुढचं वळण, समोरून ट्रक, पुन्हा दाबला तर पेडल अर्ध्यातच अडकलं. पाय भिंतीवर दाबावा तसं. गाडी थांबायचं नाव घेईना. तिसऱ्यांदा जीव खाऊन दाबला तरी तेच. सेकंड गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या नालीत टेकवली. मागच्या सीटवर पोरगी झोपली होती, ती खाली पडली. लागलं नाही. पण बायको त्या रात्री जेवली नाही, आणि मीही नाही.

सोमवारी गॅरेजमध्ये दाखवली. पुढचे पॅड बदलले, मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की चाकांकडं तेल ढकलतो तो) नवा टाकला, ऑइल बदलून एअर काढली. ६,२०० रुपये झाले. गावात, सपाटीवर गाडी छान थांबते. बुधवारी मुद्दाम एकटा घाटात नेऊन पाहिली तर तोच प्रकार. आता मिस्त्री म्हणतात बूस्टर बदला. यंदा संत्र्याच्या आंबिया बहाराची गळ झाली, हातात पैसा नाही, आणि बूस्टर बदलूनही हेच राहिलं तर काय, ही भीती वेगळी.

ऑइलची पातळी कमी होत नाही, चाकाच्या आतून कुठंच ओल नाही. पेडल खाली जात नाही, लोण्यासारखंही लागत नाही. कामाचं आहे की नाही माहीत नाही, पण रात्री हेडलाइट मंद होतात आणि सकाळी स्टार्ट केली की मिनिटभर पट्टा किंचाळते.

सोमवारच्या आत काही समजलं तर फार उपकार होतील.

चाक_आणि_पाना:

एअर राहिली असेल दादा. पुन्हा ब्लीडिंग करून घ्या. मास्टर सिलिंडरपासून जे चाक सगळ्यात लांब ते आधी, म्हणजे मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. चाकामागच्या हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक ऑइलच्या बाटलीत बुडवा. बुडबुडे थांबेपर्यंत सोडू नका. वरचा डबा रिकामा होऊ देऊ नका, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.

डेपोतला_मिस्त्री:

ब्लीडिंगची रीत बरोबर सांगितली, पण हा आजार एअरचा नाही. एअर असली तर पेडल स्पंजावानी दबते, दोन-तीनदा मारलं की वर येते. भाऊंचं पेडल टणक झालं. मऊ पेडल तेलाकडं बोट दाखवते, टणक पेडल मदतीकडं. त्यांच्या पायाले मिळणारी मदत बंद पडून राहिली, अन् गॅरेजवाल्यानं तेलाकडचं सामान बदललं.

मी ३४ वर्षं एसटीच्या वर्कशॉपात होतो. एसटीले हवेचे ब्रेक, जीपले तेलाचे, पण रिटायर झाल्यापासून दारात जीपच उभ्या राहतात, म्हणून सांगतो.

बूस्टरच्या पोटात रबराचा पडदा असते. एका बाजूची हवा ओढून घेतलेली, म्हणजे व्हॅक्यूम. पाय ठेवला की दुसऱ्या बाजूनं बाहेरची हवा आत येते अन् पडद्याले ढकलते. तीच तुमची मदत. पेट्रोल गाडीत हा व्हॅक्यूम इंजिनच्या ओढीतून मिळते. जुन्या डिझेल इंजिनले पेट्रोलसारखा हवेची वाट अडवणारा थ्रॉटल नसते, ओढ पुरत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लावतात. असल्या बऱ्याच जीपमध्ये तो अल्टरनेटरच्या, म्हणजे लाइट-बॅटरीले वीज देणाऱ्या यंत्राच्या, पाठीवर बसलेला राहते, अन् अल्टरनेटर फिरते पट्ट्यावर.

आता तुमचीच शेवटची ओळ वाचा. लाइट मंद, पट्टा किंचाळते. पट्टा घसरला की अल्टरनेटर हळू, अन् त्याच्या पाठीवरचा पंपही हळू. बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरता साठा राहते. गावात एक ब्रेक मारला की पुढच्या ब्रेकपर्यंत साठा भरून जाते, म्हणून तिथं कळत नाही. घाटात वळणामागं वळण, भरायले वेळच नाही.

पैसा खर्च करायच्या आधी घरी तीन गोष्टी करून पाहा. गाडी सपाट जागी, चाकाले दगड, गिअर न्यूट्रल.

इंजिन बंद ठेवून पाच-सहा वेळा ब्रेक मारा, पेडल टणक होऊ द्या. मग पाय दाबून धरून स्टार्ट करा. पेडल आपोआप थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं, की उशिरा गेलं, ते ध्यानात ठेवा.

मग दोन मिनिटं चालवून इंजिन बंद करा. थांबत थांबत ब्रेक मारा. पहिला मऊ अन् खोल, दुसरा त्याच्या वर, तिसरा आणखी वर असं झालं तर साठा धरून राहते. पहिलाच टणक लागला तर बूस्टरच्या तोंडाशी साठा धरून ठेवणारा वॉल्व्ह नाहीतर बूस्टर गळते.

तिसरं, इंजिन चालू असताना ब्रेक दाबून धरा, तसंच इंजिन बंद करा अन् अर्धा मिनिट पाय हलवू नोका. पेडल जिथं आहे तिथंच राहिलं पाहिजे. ते पायाले वर ढकलू लागलं तर बूस्टर गळते.

करा अन् जे दिसलं तेच लिहा, अंदाज लिहू नोका. तोवर पोरीले घेऊन त्या रस्त्यानं जाऊ नोका.

सेमाडोह_सवारी:

मी याच रस्त्यावर सवारी जीप चालवतो. काकांनी गाडीचं सांगितलं, मी उताराचं सांगतो. ज्या गिअरनं चढतो त्याच गिअरनं उतरायचं. इंजिन गाडी धरून ठेवते, ब्रेक फक्त वळणापुरता. ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरलं की पॅड आणि ड्रममधले लायनर तापतात. जुनं ऑइल असेल तर तेही उकळते, त्याची वाफ होते आणि मग पेडल टणक नाही, सरळ जमिनीला टेकते. डॉट ३ प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना २०५ अंशांच्या आसपास उकळते, पाणी मुरलं की १४० च्या आसपासच. उघडी ठेवलेली बाटली म्हणून वापरायची नाही, ते ऑइल हवेतलं पाणी ओढते.

डिझेल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडणारे आमच्यातही आहेत. काही जण तर इंजिन बंद करतात. साठा दोन-तीन दाबांत संपते आणि मग तुमचं झालं तसंच होते. तुम्ही तसं केलं नाही हे दिसते, पण वाचणाऱ्यांसाठी लिहिलं.

पावसाळ्यात नाल्याचं पाणी ओलांडलं की थोडं पुढं जाऊन हलका ब्रेक दाबत चाला, ड्रम वाळेपर्यंत.

व्हॅन_दर्यापूर:

मिस्त्रीकाका, माझी जुनी व्हॅन रेल्वे फाटकावर उभी असताना पाय दाबून ठेवला की पेडल हळूहळू खाली सरकते. सोडून पुन्हा दाबलं की वर. तेल कुठंच सांडत नाही.

डेपोतला_मिस्त्री:

बाहेर सांडत नसलं तर मास्टर सिलिंडरच्या आतले रबर खराब. तेल आतल्या आत मागं येते. सिलिंडरले आतून ओरखडे नसले तर नव्या रबरांच्या किटवर भागते, ओरखडे असले तर नवा. यात वाट पाहू नोका.

संत्राबाग_अचलपूर:

काका, अंगणातच सगळं करून पाहिलं. बायको पेडलवर, मी बोनेटजवळ.

पहिली परीक्षा: स्टार्ट केल्यावर पेडल खाली गेलं, पण लगेच नाही, आठ-दहा सेकंदांनी. दुसरी बरोबर निघाली, पहिला खोल, दुसरा वर, तिसरा वर. अर्धा तास थांबून पुन्हा पाहिलं तरी पहिला मऊच. तिसरीत पेडल जागचं हललं नाही.

पट्टा अंगठ्यानं दाबला तर इंचभराच्या वर आत गेला. आतली बाजू आरशासारखी चमकते. अल्टरनेटरचा बोल्ट सैल करून ताणून बसवला. किंचाळणं गेलं, हेडलाइट सुधारले. ब्रेकमध्येही फरक आहे. आधी दुसऱ्याला टणक व्हायचा, आता चौथ्याला होतो. पण होतोच.

डेपोतला_मिस्त्री:

शाब्बास. सूनबाईलेही सांगा. तुमचा बूस्टर चांगला आहे, साठा अर्धा तास धरते, पेडल वर ढकलत नाही. बूस्टर बदलायचा नाही. वॉल्व्हही धरून आहे. साठा टिकते पण भरायले वेळ लागते, म्हणजे दोष वॉल्व्हच्या अलीकडं, पंपापासून नळीपर्यंत.

पट्टा चमकला म्हणजे घासून गेला, ताणून फार दिवस जाणार नाही, नवा टाका. ताण एवढा ठेवा की मधोमध दाबला तर १० ते १२ मिलिमीटर आत जावा. जास्त ताणला तर अल्टरनेटरचं बेअरिंग जाते.

आता बूस्टरवरून नळी काढा, इंजिन स्लोवर चालू ठेवा, नळीच्या तोंडाले अंगठा लावा. मग इंजिन बंद करून नळी पंपाकडून सोडा, पुन्हा चालू करून पंपाच्या तोंडालेच अंगठा लावा. हात अन् बाही पट्ट्यापासून दूर. पंपाजवळ ओढ जोरात अन् बूस्टरकडं कमी, तर नळी. दोन्हीकडं कमी, तर पंप. पंपाच्या आत पाती असतात, त्यायले इंजिनचं ऑइल बारीक नळीतून मिळते. ती नळी चोंदली की पाती घासतात, म्हणून पंप नवा टाकला तरी ती साफ झालीच पाहिजे.

नळी खालच्या बाजूनं हात फिरवून पाहा. वरून सगळ्या चांगल्याच दिसतात.

संत्राबाग_अचलपूर:

सापडलं काका.

पंपाजवळ अंगठा सोडवत नाही इतकी ओढ. बूस्टरकडं नुसती फुंकर मारल्यासारखी. नळी काढून पाहिली तर जिथं ती पत्र्याच्या पट्टीवरून वळते तिथं खालून घासून दोन बोटं लांब चीर. आणि त्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली! म्हणजे माझ्या आधी कोणाला तरी हे माहीत होतं. त्यानं चिकटपट्टी लावून गाडी विकली आणि माझी लेकरं त्यात बसली. याचा राग जात नाही.

आज रविवार, दुकानं बंद. घरी ठिबकची १६ मिलिमीटरची नळी आहे, मापाला बसते. उद्यापुरती लावू का?

डेपोतला_मिस्त्री:

नाही. बिलकूल नाही. ठिबकची नळी पाणी बाहेर ढकलायले आहे. इथं आतून ओढ असते अन् बाजूले इंजिनची गरमी. घाटात तापून मऊ झाली की चपटी होईल, अन् तीही नेमकी उतारावर. डिझेलचा साधा पाइपही नोको. आतून धाग्याचा थर असलेली व्हॅक्यूमचीच नळी पाहिजे, दोन्ही टोकांले नव्या क्लिपा. पट्टीच्या कडेवर जुन्या ट्यूबचा तुकडा बसवा, म्हणजे नवी नळी घासणार नाही. उद्या सूनबाई एसटीनं जातील. परतवाड्याहून धारणीची गाडी मिळते.

संत्राबाग_अचलपूर:

ती एसटीनं गेली. सोमवारी नळी, पट्टा, क्लिपा घेतल्या, सगळं मिळून ९८० रुपये. ट्यूबचा तुकडाही बसवला. अंगणात स्लोवर लागोपाठ आठ वेळा ब्रेक मारला, आठव्यालाही पेडल मऊ.

काल शनिवारी एकटा घाट चढलो. येताना ती शेजारी होती. घटांगनंतरच्या त्याच उतारावर, मागंपुढं कोणी नसताना, सेकंडमध्ये लागोपाठ चार वेळा दाबून पाहिला. चारही वेळा गाडी जागच्या जागी बसली. ज्या नालीत टेकवली होती ती जागा आली तेव्हा ती काही बोलली नाही, फक्त हात डॅशबोर्डवरून काढून मांडीवर ठेवला.

मागचं उजवं चाक खोलून पाहायचं राहिलं आहे. हँडब्रेक त्या बाजूला कमी धरते.

डेपोतला_मिस्त्री:

ते या आठवड्यातच खोला. लायनरवर काळं तेल दिसलं तर अ‍ॅक्सलचा ऑइल सील गेला समजा. तेल पिलेला लायनर पेट्रोलनं धुऊन परत लावू नोका, दोन्ही बाजूंचे नवे टाका. खोलल्यावर फोटो टाका, मी रात्री आठनंतर पाहतो.