पहाट किती वाजेपर्यंत असते?

कासराभर_ऊन:
मंडळी, शब्द तसा लहानपणापासून तोंडातला, अर्थ शोधायची कधी गरज पडली नाही, पण परवा घरात वाद झाला म्हणून इथं टाकायलो. टीव्हीवर कुणीतरी परत एकदा 'पहाटेचा शपथविधी' (२०१९ चा, फडणवीस-अजित पवारांचा) म्हणलं आन् आमचे अण्णा (गाव परभणी जिल्ह्यात, सगळी हयात कापूस-हरभऱ्यात गेली) ताटावरूनच म्हणले, "आठ वाजता कुणाच्या घरी पहाट असती रे?"

आता हिशोब बघा. २३ नोव्हेंबर २०१९. राष्ट्रपती राजवट उठली ५ वाजून ४७ मिनिटांनी आन् राजभवनावर शपथ झाली आठच्या आसपास. नोव्हेंबरच्या शेवटाला मुंबईत सूर्य उगवतो ६:५० च्या आतबाहेर, म्हणजे मुंबईच्या हिशोबानंसुद्धा ऊन पडून तास उलटून गेला होता. आन् आमचं परभणी मुंबईच्या पूर्वेला चार अंश, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आमचा सूर्य पंधरा-सोळा मिनिटं आधीच ड्युटीवर येतो. आठ वाजता आमच्याकडं दिस कासराभर वर आलेला असतो. (कासरा म्हणजे बैलं हाकताना हातात धरतात तो लांब दोर, तेवढ्या उंचीवर सूर्य. शहरातल्या लोकांसाठी सांगितलं, राग नका मानू.)

त्या दिवशी मी गावाकडंच होतो म्हणून लक्षात आहे. त्या आठवड्यात आमच्या फीडरला रात्रीची लाईट होती, अण्णा रातभर हरभऱ्याला पाणी देऊन आठ-साडेआठला घरी आले, पाय पोटरीपर्यंत चिखलानं भरलेले, बॅटरी गळ्यात तशीच. मायनं चहा टाकला. ओट्यावर त्या दिवशीचा पेपर पडलेला, त्यात पहिल्या पानावर वेगळ्याच मुख्यमंत्र्याचं नाव फायनल झाल्याची बातमी, आन् आत टीव्हीवर वेगळाच माणूस शपथ घेऊन मोकळा. अण्णांनी एकदा पेपरकडं बघितलं, एकदा टीव्हीकडं, आन् मला म्हणले, "तारीख बघ बरं पेपरची." तारीख बरोबर होती.

तर प्रश्न असा की ह्याला पहाट कामून म्हणायलेत? दुपारपर्यंत सगळ्या चॅनलवर 'पहाट'च चालू झालं होतं आन् आता तर ते नावच पडलं. सरकार टिकलं जेमतेम ऐंशी तास, शब्द अजून टिकून आहे. पहाट नक्की कधी सुरू होती, कधी संपती, आन् बातम्यात तिचं एवढं रबर कुणी केलं?

बंदाघाट:
रबर बातम्यांनी एकट्यानं नाही केलं भाऊ, गाण्याच्या कार्यक्रमांचा पण हात आहे. 'दिवाळी पहाट' घ्या. पासवर छापलेलं असतंय ५:३०. आम्ही बिचारे उटणं लावून, अभ्यंगस्नान उरकून, लेकरांना स्वेटर घालून नदीकाठी हजर. साउंडवाला हॅलो हॅलो करायला सहाला. गायक साडेसहाला. प्रमुख पाहुणे यायला सव्वासात, मग दीपप्रज्वलन, तेही चांगल्या लख्ख उन्हात, समईची ज्योत दिसत पण नाही, फोटोवाला म्हणतो साहेब जरा सावलीत घ्या. आन् मग निवेदिका म्हणणार, "ह्या मंगल पहाटे..." माझ्या शेजारी बसलेल्या काकूंनी तेव्हा गॉगल लावलेला होता.

पाडव्याला परत 'पाडवा पहाट'. त्याला तर लोक फराळ करूनच येतात.

कासराभर_ऊन:
गॉगल लई आवडला. पण तुमच्या पहाटेला निदान सुरुवात तरी पहाटेची होती. २०२३ च्या मार्चमधे तेलुगू गाण्याला ऑस्कर मिळालं तेव्हा पण असंच, सोहळा आपल्याकडं साडेपाचला चालू झाला, ती पहाट कबूल, पण गाण्याचा नंबर लागेपर्यंत दूधवाला येऊन गेला होता. तरी स्टेटसला सगळ्यांचं 'पहाटेच डोळे पाणावले'.

डेस्कवरचा_माणूस:
पेपरात बारा वर्षं काढली, बातम्यांच्या बाजूनं थोडं बोलतो. आमच्याकडं कुठं लिहून ठेवलेला नियम नाही, पण अंगवळणी पडलेलं असं की बारा ते तीन मध्यरात्र आन् तीनच्या पुढं पहाट. तरी क्राइमच्या बातमीत तुम्हाला 'पहाटे दोनच्या सुमारास घरफोडी', कधी कधी 'पहाटे एक वाजता' पण सापडेल. हसू येतं, पण त्याला कारण आहे. समजा चोरी झाली सोमवार संपून मंगळवार लागल्यावर दोन वाजता. 'सोमवारी रात्री दोन' लिहिलं तर पोलिसांची तारीख चुकते, आन् 'मंगळवारी रात्री दोन' लिहिलं तर वाचणारा म्हणतो मंगळवारची रात्र तर अजून यायचीय. 'मंगळवारी पहाटे दोन' लिहिलं की दोघंही गप. म्हणजे पहाट तिथं वेळ सांगायला नसती, तारीख सांभाळायला असती.

पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, घड्याळात बाराला. ह्या दोन्हीच्या मधे जी सहा-सात तासाची पट्टी उरती ना, तिला इंग्रजी कॅलेंडर म्हणतं उद्या, घरातली म्हातारी म्हणती आजच. सगळा गोंधळ त्या पट्टीतला.

राहिला आठ वाजताचा प्रश्न. त्याचं उत्तर माझ्याकडं नाही. त्या दिवशी आम्ही घरी जाऊन झोपलो होतो, अंक गेला होता, आन् त्या अंकाचं काय झालं ते वर लिहिलंच आहे तुम्ही. फोन आला तेव्हा माझ्यासाठी ती पहाटच होती.

जुनी_पोथी:
शब्दाकडं या जरा. पहाट ही 'प्रभात'चीच लेक. आन् जुन्या मराठीत 'पाहणे' ह्या क्रियापदाला बघणे सोडून अजून एक अर्थ होता, उजाडणे. रात्र पाहाली म्हणजे रात्र सरून उजाडलं. हा अर्थ माहीत असला की पसायदानातली ओळ वेगळीच ऐकू येते, 'विश्व स्वधर्मसूर्यें पाहो'. शाळेत आम्हाला सांगितलं बघो, पण उजाडो असं घेतलं तर आधीच्या 'दुरितांचे तिमिर जावो'ला नीट जोडून येतं, अंधार जाऊ दे, उजाडू दे. दोन्ही अर्थ लावणारे आहेत, मी उजाडोवाला. (माऊलींच्या पूर्वजांचं आपेगाव पैठणजवळ, म्हणून आपला थोडा हक्क.)

दुसरा पुरावा म्हणजे लीळाचरित्र, चक्रधरस्वामींच्या आठवणींचा जुना मराठी ग्रंथ. त्यात सकाळच्या पूजेला 'उदयाचा पूजावसर' म्हणतात. तिथं उदय म्हणजे सकाळची वेळ. आपला 'उद्या' पण ह्याच उदयातून आलेला, पुढचा सूर्योदय तो उद्या. कचेरीत "उद्या या" म्हणतात तेव्हा ते खरं म्हणजे "उजाडल्यावर या" म्हणत असतात. कुठल्या दिवशीचं उजाडल्यावर ते विचारायचं नाही.

आन् शास्त्रातला ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाआधी ९६ मिनिटं चालू होतो आन् ४८ मिनिटं आधी संपतो. गंमत म्हणून मांडून बघा, ६:५० चा सूर्योदय धरला तर ५:१४ ते ६:०२. राष्ट्रपती राजवट उठली ५:४७ ला. मुहूर्त बिनचूक होता हो, शपथेला उशीर झाला.

कासराभर_ऊन:
हे वाचून दाखवलं घरी. माय म्हणली "म्हणूनच टिकलं नाही."

घाटी_ते_गुलमंडी:
संभाजीनगरातून हजेरी. आमच्या मोहल्ल्यात पहाट ओळखायला घड्याळ लागत नाही, फजरची अजान झाली की पहाट, आन् रमजानमधे सहरी संपली की पहाट, मिनिटाचा तक्ता भिंतीवर लावलेला असतो, तिथं रबर चालत नाही. माझ्या आजीकडं (ती गंगापूरकडली) एवढे शब्द होते की नुसती पहाट म्हणलं तर ती विचारायची, कंची? आधी कोंबडं आरवायचं. मग झुंजुरकं, माणूस दिसतोय पण कोण ते ओळखू येत नाही एवढा उजेड. मग तांबडं फुटायचं, मग फटफटायचं, मग दिस उगवायचा. भल्या पहाटं आन् नुसतं पहाटं ह्यात पण फरक. आता हे सगळं एका 'पहाट'मधे कोंबलंय आन् वरून आठ वाजताचं ऊन पण त्यातच.

औशाचा_जावई:
चर्चा मजेत चाललीय, मोडायची नाही, पण एक लिहितो. सासुरवाड औसा तालुक्यातली. तिकडं 'पहाट' शब्द जपून वापरतात असं मला लग्नानंतर कळलं. ३० सप्टेंबर १९९३, ३ वाजून ५६ मिनिटं. शास्त्रानं बघितलं तर ती रात्रच, सूर्योदयाला दोन तासावर वेळ होता. पण तिकडं कुणी तिला रात्र म्हणत नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, लोक गणपती शिरवून उशिरा येऊन झोपलेले, आन् घरं जाड दगड-मातीच्या भिंतीची. सासरे तेव्हा शेतात आखाड्यावर होते म्हणून राहिले. ते कधी भूकंपाची रात्र म्हणत नाहीत, "त्या पहाटं" एवढंच म्हणतात, आन् किल्लारी-सास्तूर भागात कुणाला कंच्या पहाटं असं विचारावं लागत नाही. टीव्हीवर 'पहाटेचा शपथविधी' लागलं की घरातली तरणी पोरं हसतात, सासरे उठून बाहेर जातात. मुद्दाम जातात का तंबाखूला, मला माहीत नाही, मी विचारलं नाही.

डेस्कवरचा_माणूस:
हे मी डोक्यात ठेवीन. ३:५६ ला आम्ही पण दरवर्षी 'पहाटे'च लिहितो, कधी विचार केला नव्हता.

जुनी_पोथी:
खरंय.

सोयाबीन_क्विंटल:
दोन दिवसांनी बघितलं म्हणून उशिरा. तुम्ही सगळे वेळ मोजायलात, मला वाटतं शब्दानं वेळेचा नाद कधीच सोडलाय. आमच्या गावात मागं एक पोरगं पळून जाऊन रजिस्टर लग्न करून आलं, दुपारी एकच्या टायमाला. गावात नाव काय पडलं? पहाटेचं लग्न. ग्रामपंचायतीत कोरम बघून गुपचूप ठराव घेतला, तो पहाटेचा ठराव, घेतला संध्याकाळी पाचला. भावाभावात वाटणी झाली, थोरल्यानं तलाठ्याकडं आधीच जाऊन फेरफार लावला, धाकटा म्हणतो दादानं पहाट केली. 'पहाट करणे' असा वाक्प्रचारच झालाय आमच्याकडं, अर्थ: समोरच्याचा चहा व्हायच्या आत काम उरकून घेणे. म्हणजे पहाट करणाऱ्याची नसती, ज्याला नंतर कळतं त्याची असती. तो झोपेत होता ना, म्हणून पहाट. मग घड्याळात आठ का वाजेनात.

ह्याच घरातला दुसरा शब्द 'नॉट रिचेबल'. आधी फोन असायचा नॉट रिचेबल, आता आमदार असतोय, आन् हप्ता थकला की आमच्यातला कुणी पण.

कासराभर_ऊन:
सोयाबीनभाऊ, तुमचं पटलं. ज्याला नंतर कळतं त्याची पहाट. आता कळलं अण्णांना राग कामून येतो, ते तर जागेच होते त्या रात्री, मोटर चालू करून बांधावर बसलेले, तरी त्यांच्यासकट सगळ्यांची पहाट करून टाकली.

डेस्कवाल्यांना एक विनंती, चोरीला दोन वाजता पहाट लिहा, चालतंय, कारण सांगितलं तुम्ही. आठला मात्र सकाळ लिहा. जुन्या पोथीला विनंती, पाहणे म्हणजे उजाडणे ह्यावर वेगळा धागा काढा, इथं त्याचं चीज होईना.

झुंजुरक्याचं अण्णांना विचारलं. म्हणलं ५:४७ ला नोव्हेंबरात रानात काय म्हणायचं? त्यांनी लगेच नाही सांगितलं, जरा डोळे बारीक केले, म्हणले, "दाऱ्यावर उभारलं तर पाणी कंच्या सरीत चाललंय ते दिसतंय, पण सरकीचा का हरभऱ्याचा बांध ते दिसत नाही. झुंजुरकंच." मग म्हणले, "तू कशाला विचारायलास, ह्या आठवड्यात परत रात्रीची लाईट हाय, चल की, तूच बघ." आज बाराला येती म्हणतात. बॅटरी चार्जिंगला लावलीय, निघतो.