गाड्या नव्हे, माणसं मोजा

‘दोन लेन वाढवा, कोंडी सुटेल’ हे गणित गाड्यांचं झालं. महामार्गाची एक लेन तासाला साधारण 2000 गाड्या नेते. गाडीत सरासरी दीड माणूस धरला तर 3000 जण. त्याच लेनवर मिनिटाला एक बस, बसमध्ये 60 जण, म्हणजे 3600, आणि लेन बरीचशी रिकामीच! शिवाय रांग लागते ती रॅम्प, म्हणजे महामार्गावर चढायचा जोडरस्ता, मिसळतो किंवा महामार्ग संपून सिग्नल येतो तिथे. ते तोंड तेवढंच ठेवलं तर रांग नुसती रुंद होते. अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा केटी फ्रीवे हा महामार्ग 2008 मध्ये रुंद झाला, काही वर्षांतच पुन्हा तुंबला. अर्थात बस अर्ध्या तासाने येणार असेल तर बससाठी राखलेली लेनही फुकट. गर्दीच्या वेळी आपल्या मार्गाची बस दहा मिनिटांच्या आत हवीच.