जपानमधली छोटी घरगुती खानावळ: तुमचा अनुभव सांगा

सुशी आणि रामेनवर भरपूर लिहून झालंय, हा धागा त्यांच्यासाठी नाही. दारावर कापडी पडदा, आत सात-आठ खुर्च्या, काउंटरपलीकडे रांधणारं म्हातारं जोडपं किंवा एकटी बाई, अशा ‘शोकुदो’त तुम्ही जेवला असाल तर लिहा. काय आवडलं, काय खटकलं, भाषेविना कसं निभावलं, सगळं चालेल. सुरुवात मी करते.

माहेर रत्नागिरीचं, संसार टोकियोत निशी-कासाईला. घरापासून दोन गल्ल्यांवर एक आजी खानावळ चालवायच्या. भिंतीवर पदार्थांच्या नावांच्या कागदी पट्ट्या, मला एकही वाचता येईना. शेजारच्या माणसाच्या ताटाकडे बोट दाखवलं. तेच आलं: मीठ लावून भाजलेला साबा, म्हणजे आपल्या बांगड्याचा भाऊबंद, किसलेला मुळा, भात, मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं) सूप, मुळ्याचंच पिवळं लोणचं. असं पूर्ण ताट म्हणजे ‘तेइशोकु’. तिरफळ नाही, कोकम नाही, हळदसुद्धा नाही. पहिला घास फिका लागला. मग मुळ्याच्या किसावर सोया सॉसचे दोन थेंब टाकून तो माशाबरोबर कसा खायचा ते आजींनी दाखवलं, तेव्हा मासा कळला. आमच्या बांगड्याला मसाल्याचा आधार असतो. तिथे मासा शिळा असेल तर लपवायला काहीच नाही.

घरी ताट उचलून जेवलं की आई ओरडायची. इथे भाताचा वाडगा हातात न घेता त्यावर वाकून जेवणं वाईट दिसतं. एकदा चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचून मी पाणी प्यायला लागले, तर आजींनी काही न बोलता त्या काढून आडव्या ठेवल्या. मृतासमोर ठेवायच्या भातात त्या तशा खोचतात, हे नंतर समजलं. अजून आठवलं की कानकोंडं होतं.

जेवून उठताना ‘गोचिसोसामा देश्ता’ म्हणायचं. त्यातल्या ‘चिसो’चा मूळ अर्थ धावपळ, यजमानाने जिन्नस जमवायला केलेली. आमचे आजोबा ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणून उठत. मी दोन्ही म्हणते, दुसरं मनात.

*

मी पुण्याची, जपानी शिकायला वर्षभर क्योतोत होते. घरात पूर्ण शाकाहार. ‘मांस-मासे खात नाही’ हे वाक्य पाठ करून गेले होते, पण ते पुरत नाही. सूप, शिजवलेली भाजी, अंड्याची गुंडाळी, जवळपास सगळ्यात ‘दाशी’, म्हणजे चवीसाठी काढलेलं अर्काचं पाणी, असते आणि ती बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या पापुद्र्यांची. त्यांच्या लेखी तो मासा नव्हेच, ते पाणी. पहिले दोन आठवडे मी नकळत तेच पीत होते, आणि कळल्यावर खूप रडले.

मग घराजवळच्या खानावळीतल्या काकांना ‘दाशीसुद्धा नको’ असं सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला आणि ‘उद्या या’ म्हणाले. रात्रभर त्यांनी कोंबू, म्हणजे सुकवलेलं समुद्री शेवाळ, आणि वाळलेले शिताके मशरूम पाण्यात भिजवून ठेवले होते. बौद्ध मठांच्या स्वयंपाकात हीच दाशी असते. त्या सुपाला चव होती, भरपूर! रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 साली ‘उमामी’, म्हणजे गोड-आंबट-खारट-कडूपलीकडची पाचवी चव, वेगळी काढली ती याच कोंबूतून, हे वाचलेलं होतं, जिभेला त्या दिवशी पटलं. बरोबर अळकुड्या, तिळाच्या तेलात परतलेली कमळकाकडी, आलं घातलेला गार टोफू. अळकुड्या पाहून तर आजोळच आठवलं.

एक विनंती: असं काही मागायचं तर दुपारी बाराच्या गर्दीत मागू नका. एकटा माणूस वीस ताटं लावत असतो. आणि नाही म्हणाले तर नाही.

*

आमचा अनुभव कडू-गोड आहे. आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन गेलो, तर दारातूनच हात जोडून परत पाठवलं. वाईट वाटलं. पण आत खरंच बाबागाडी वळवायलाही जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी गर्दी ओसरल्यावर गेलो, तेव्हा त्याच बाईंनी बाळासाठी मऊ भात केला.

*

सोलापूरचा आहे, नोकरी चाकणला. कंपनीने तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला नागोयाजवळ पाठवलं. रोज संध्याकाळी एकाच खानावळीत ‘हिगावारी’, म्हणजे त्या दिवशी जे केलं असेल ते. निवड करायची नाही, मेसची सवय असल्याने मला हेच बरं वाटलं. तिकडचा मिसो काळपट आणि जरा तुरट. आठवडाभर नाक मुरडलं, नंतर तोच पाहिजे असं झालं.

एक दिवस शेंगदाण्याची चटणी बरोबर नेली. दुसऱ्याच्या खानावळीत घरचं काढणं बरोबर नाही, म्हणून आधी मालकांना डबी पुढे केली. त्यांनी वास घेतला, चिमूटभर तोंडात टाकली, आणि गार टोफूवर भुरभुरून काउंटरवरच्या सगळ्यांना एकेक वाटी दिली. घामाघूम होऊन हसत खात होते सगळे. तिथल्या कुणाशी मी तोवर धड एक वाक्य बोललो नव्हतो.

*

दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटाची आठवण, नाहा शहरातली. आई बरोबर होती, वय 68, सांगलीच्या बाहेरचं जेवण म्हणजे तिला संकट. काउंटरमागे ताई ‘गोया’ चिरत होत्या. आई एकदम म्हणाली, ‘अगं, हे कारलं!’ आणि उठून उभीच राहिली.

गोया चांपुरूमध्ये कारलं, घट्ट टोफू, अंडं आणि सहसा डुकराचं मांस असतं. आईसाठी मांस वगळायला त्या तयार झाल्या. मग दोघींचं खुणांनी सुरू झालं. आईने मीठ चोळून पिळायची खूण केली, ताईंनी मान डोलावून मिठाचं भांडंच दाखवलं. आई गोल चकत्या करून एकेक बी काढते. ताईंनी कारलं उभं चिरलं आणि चमच्याने आतला गाभा एका ओढीत खरवडला. आईने दुसरं कारलं मागून घेतलं आणि स्वतः करून पाहिलं.

आता सांगलीत कारल्याची भाजी असली की ती आधी चमचा शोधते.