आत्मिक बळासाठी आणि पुढच्या पिढ्यांसाठी मंडळीने नेमके काय मागावे?

द्राक्षवेल (प्रश्न)

ख्रिस्तात सर्वांना सलाम. आमच्या मंडळीच्या साप्ताहिक प्रार्थनासभेत विनंत्यांची एक वही हातोहात फिरते. आजारपण, शस्त्रक्रिया, परीक्षा, नोकरी, लग्न यांनी तिची पाने भरतात आणि त्या प्रत्येक विनंतीसाठी आम्ही मनापासून प्रार्थना करतो. मात्र आपला विश्वास खचत चालला आहे किंवा कुणाला तरी क्षमा करण्याचे बळ हवे आहे, असे त्या वहीत क्वचितच कुणी लिहिते. मुलांसाठीची प्रार्थनाही बहुधा ‘त्यांना सांभाळ, त्यांना यश दे’ एवढ्यावरच संपते. आत्मिक बळासाठी आणि येणाऱ्या पिढ्यांसाठी एकत्र प्रार्थना करायची, तर काय मागावे? आणि जे अजून जन्मालाही आले नाहीत, त्यांच्यासाठी प्रार्थना करण्यास पवित्र शास्त्राचा आधार आहे का?

सहप्रवासी

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते सरळ आहे. योहान १७:२० मध्ये प्रभू येशू केवळ शिष्यांसाठी नव्हे, तर त्यांच्या वचनावरून पुढे विश्वास ठेवणाऱ्यांसाठीही विनंती करतो. म्हणजे वधस्तंभाच्या आदल्या रात्रीच्या त्या प्रार्थनेत आपणही होतो. त्याच अध्यायाच्या १५व्या वचनात तो आपल्या लोकांना जगातून काढून घेण्याची विनंती करत नाही, तर त्यांना दुष्टापासून राखण्याची करतो. आपण मुलांसाठी मागतो तेव्हा बहुतेक वेळा कसोटीच टळावी असे मागतो.

काय मागावे यासाठी इफिसकरांस पत्र ३:१४-२१ हा उतारा सभेत मोठ्याने वाचावा. पौल बंदिवासात आहे. माझ्या संकटांमुळे तुम्ही खचू नका, असे त्याने नुकतेच लिहिले आहे; तरीही गुडघे टेकल्यावर तो सुटका मागत नाही. वाचकांनी पवित्र आत्म्याच्या द्वारे अंतर्यामी बलसंपन्न व्हावे, ख्रिस्ताने त्यांच्या अंतःकरणात वस्ती करावी आणि त्याच्या प्रीतीची रुंदी, लांबी, उंची व खोली त्यांना सर्व पवित्र जनांसह उमगावी, असे तो मागतो. हे आकलन एकट्यादुकट्याच्या आवाक्यातले नाही, म्हणूनच ही प्रार्थना मुळात मंडळीची आहे. आणि तिचा शेवट देवाला पिढ्यानपिढ्या गौरव देण्यात होतो, म्हणजे आपले दोन्ही प्रश्न तिथे एकत्र येतात.

पहाटप्रार्थना

वरील उत्तराशी मी सहमत आहे. त्याला एक इशारा जोडावासा वाटतो. यहूदाचा हिज्किया हा प्रार्थना करणारा राजा होता. अश्शूरच्या राजाचे धमकीचे पत्र त्याने मंदिरात नेऊन परमेश्वरापुढे पसरले, पुढे मरणाच्या दारातून त्याने अश्रूंनी प्रार्थना केली आणि त्याला १५ वर्षांचे आयुष्य वाढवून मिळाले (२ राजे १९ व २०). पण त्याच्या वंशजांना बंदी करून बाबेलला नेतील असे यशया संदेष्ट्याने सांगितले, तेव्हा निदान माझ्या दिवसांत तरी शांती राहील, यातच त्याने समाधान मानले. त्या वंशजांसाठी त्याने एक शब्दही मागितल्याची नोंद तिथे नाही. त्याचा मुलगा मनश्शे १२ वर्षांचा असताना गादीवर आला, म्हणजे तो त्या वाढवून मिळालेल्या वर्षांतच जन्मला असावा. आणि बापाने मोडून टाकलेली उच्च स्थाने, म्हणजे टेकड्यांवरची पूजास्थळे, त्यानेच पुन्हा उभारली. (मनश्शेने पुढे पश्चात्ताप केल्याचे २ इतिहास ३३ मध्ये आहे, हेही विसरू नये.)

आपल्या काळापुरते पाहणे किती सहज घडते, हे मला या वृत्तांतात दिसते. स्तोत्र ७८ चा मार्ग वेगळा आहे. अजून जन्मास न आलेल्या मुलांनीही देवावर भाव ठेवावा, अशी त्या स्तोत्रकर्त्याची इच्छा आहे, आणि म्हणूनच तो पूर्वजांचा हट्टीपणा झाकून न ठेवता सविस्तर सांगतो. मंडळीतली भांडणे, दुरावे आणि मुलांनी घरात पाहिलेला ढोंगीपणा यांची कबुली देऊन पुढच्या पिढीसाठीच्या प्रार्थनेला सुरुवात झाली, तर ती प्रामाणिक होईल असे मला वाटते.

द्राक्षवेल

मनःपूर्वक आभार. हिज्कियाचा हा वृत्तांत या दृष्टीने मी कधी वाचला नव्हता. आता व्यवहाराचा प्रश्न उरतो: एक-दोन आठवड्यांचा उत्साह ओसरल्यावर हे टिकवायचे कसे?

दीपस्तंभ

सॅक्सनीतील हेर्नहुट येथे १७२७ मध्ये मोरावियन या प्रोटेस्टंट पंथाच्या बंधुभगिनींनी, २४ पुरुष व २४ स्त्रियांनी, दिवसाचे तास वाटून घेऊन अखंड प्रार्थना सुरू केली आणि ती शंभराहून अधिक वर्षे चालली. आरंभ करणाऱ्यांपैकी कुणीही एवढे जगणे शक्य नव्हते. नातवंडा-पतवंडांनी आपापला तास स्वीकारला म्हणूनच ती चालू राहिली. तेव्हा मुलांसाठी प्रार्थना करताना मुलांना दाराबाहेर ठेवू नये.

आमच्याकडे प्रत्येक वडीलधाऱ्या सभासदाकडे एका मुलाच्या किंवा मुलीच्या नावाची चिठ्ठी असते. इफिस ३ मधील प्रार्थना वाचताना ‘तुम्हांला’ या जागी ते नाव घ्यायचे, इतके साधे काम आहे. ज्यांना गुडघ्यांच्या दुखण्यामुळे सभेला येता येत नाही, तेही घरी बसून हे करतात. पिकल्या केसांनी पुढील पिढीला देवाचे सामर्थ्य कळवण्याची स्तोत्र ७१:१८ मधील विनंती त्यांच्यासाठीच आहे. वर्षअखेरीस चिठ्ठ्या बदलतात. मुलांकडेही वडीलधाऱ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या असतात, कारण आत्मिक बळाची गरज आपल्यालाही आहे, हे त्यांना कळले पाहिजे.

एक काळजी मात्र जरूर घ्यावी. एखादा तरुण उपासनेला येईनासा झाला असेल, तर त्याच्या शंका किंवा चुका विनंतीच्या नावाखाली सभेत उघड करू नयेत. त्याचे नाव देवापुढे घ्यावे, बाकीचे देवाला ठाऊक आहे. आणि त्याला भेटायला जावे, ते उपदेश करण्यासाठी नव्हे, तर त्याचे ऐकून घेण्यासाठी.