एअर फ्रायरमध्ये कधी वर बघितलंय का? साफसफाईचे आणि निगा राखायचे अनुभव

मंडळी, एअर फ्रायर आता बऱ्याच घरांत आलाय. त्यात काय काय करायचं याचे व्हिडिओ ढिगाने सापडतात पण तो घासायचा कसा, टिकवायचा कसा यावर कुणी धड बोलत नाही. म्हणून हा धागा काढतेय. तुमचं काय बिघडलं, काय जमलं ते मोकळेपणाने लिहा, छोटी गोष्ट असली तरी चालेल.

सुरुवात माझ्यापासून. आमचा घेऊन अडीच वर्षं झाली. त्यात तळणीपेक्षा जास्त होतात ते शेंगदाणे, कुटासाठी दर आठवड्याला अर्धा किलो, १६० वर दहा-बारा मिनिटं, मधे एकदा हलवायचे की झालं, गॅससमोर उभं राहायला नको. डबा आणि जाळी मी दर वेळी स्वच्छ घासायचे, त्यात कधी आळस केला नाही. तरी मागच्या डिसेंबरपासून काहीही ठेवलं की जळकट वास यायला लागला. रताळ्याला वास, पावाला वास, कोथिंबीर वडीला तर इतका की सासूबाईंनी एक खाऊन बाजूला ठेवली. मी साबण बदलला, डबा उन्हात ठेवला, लिंबू लावलं, सगळं करून झालं.

एका रविवारी लेकाने डबा काढलेल्या जागेत मोबाईलचा टॉर्च मारला आणि म्हणाला आई, वर बघ. वर म्हणजे जिथे कॉईल असते तिथे. कॉईलच्या वेटोळ्यांत शेंगदाण्याची सालं अडकून काळी झालेली, एक अख्खं कढीपत्त्याचं पान कोळसा होऊन चिकटलेलं, आणि आजूबाजूच्या पत्र्यावर मधासारख्या रंगाचा थर. बोट लावलं तर बोट चिकटलं. कढईच्या कानाखाली जो थर वर्षानुवर्षं बसतो ना, अगदी तोच. पंखा गरम हवा खाली फेकतो आणि तीच हवा तेलाचे बारीक कण, सालं, चुरा घेऊन परत वर जाते, म्हणजे सगळी घाण जाऊन बसणार ती वरच, आणि आपण घासतोय खालचा डबा! मी तो तसाच उलटा करून ओट्यावर ठेवला आणि जुन्या टूथब्रशने तास दीड तास बसून साफ केला. वास नव्वद टक्के गेला. उरलेला अजून येतोय, तेवढ्यासाठीही विचारतेय.

---

नाशिकला घरगुती उपकरणं दुरुस्तीचं दुकान आहे माझं, मिक्सर, मायक्रोवेव्ह, गिझर, आणि गेल्या चार-पाच वर्षांत एअर फ्रायर. ताई तुम्ही वर बघितलंत हे फार छान केलंत, पण एक विनंती, पूर्ण उलटा करू नका. मोटर वरच्या भागात असते, उलटा केला की ती खाली येते आणि ब्रशचं पाणी पंख्याच्या दांड्याच्या भोकातून सरळ मोटरमध्ये उतरतं. माझ्याकडे असे कितीतरी येतात, साफ केला आणि दुसऱ्या दिवशी सुरूच होईना. त्याला पाठीवर आडवा झोपवा, खाली जाड टॉवेल. मग डब्याची पोकळी तुमच्या तोंडासमोर येते, नीट दिसतं पण आणि ओघळ आला तर मागच्या पत्र्यावर जातो.

मी कसं करतो सांगतो. प्लग काढून किमान दोन तास थांबायचं. आधी सगळं कोरडं, मऊ ब्रशने सालं-चुरा झाडून घ्यायचा, निम्मं काम तिथेच होतं. मग फडकं कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळायचं, त्यावर भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, आणि कॉईल पुसायची. पत्र्यावरचा चिकट थर याने जात नाही, त्याला खायचा सोडा आणि थोडंसं पाणी, थालीपिठाच्या पिठाइतकं घट्ट, बोटाने लावून वीस मिनिटं ठेवा आणि ओल्या फडक्याने तीन-चारदा पुसा, सोडा राहिला तर नंतर पांढरी पूड होऊन पदार्थावर पडते. कॉईलजवळ एक बारीक नळी किंवा मणी दिसेल, तो तापमानाचा सेन्सर, त्याला ओढू नका, घासू नका. रात्रभर वाळू द्या आणि सकाळी २०० वर पाच मिनिटं रिकामा चालवा, खिडकी उघडी ठेवून. ओव्हन साफ करायचे कॉस्टिकवाले स्प्रे मिळतात ते अजिबात नको, कोटिंगही खातात आणि ॲल्युमिनियमही.

आणखी एक. बंद पडला म्हणून आणतात त्यातले बरेच बिघडलेले नसतातच. डबा पूर्ण आत गेला की एक छोटा स्विच दाबला जातो, तेव्हाच मशीन चालू होतं. त्या खाचेत पावाचा चुरा, रवा जाऊन बसतो, डबा अर्धा मिलिमीटर बाहेर राहतो आणि मशीन गप्प. कोरड्या ब्रशने खाच झाडा, बहुतेक वेळा तेवढ्याने सुरू होतं, दुकानात यायचीही गरज नाही.

---

आमच्याकडे वसईला आठवड्यातून तीनदा तरी मासळी, त्यामुळे वास हा विषय माझा आहे. बोंबील, सुरमईला फार त्रास नाही, बांगडा मात्र तेल सोडतो, ते जाळीखाली पडतं, तापतं आणि धूर. त्यावर उपाय म्हणजे भाजतानाच जाळीच्या खाली दोन-तीन चमचे पाणी घालून ठेवायचं, तेल पाण्यात पडतं, जळत नाही. आणि रव्यात घोळवल्यावर तुकडा ताटावर दोनदा आपटून जास्तीचा रवा झाडून मगच आत ठेवायचा, नाहीतर तोच रवा खाली पडून करपतो आणि नंतर आपण म्हणतो मासळीचा वास जात नाही, तो मासळीचा कमी आणि करपलेल्या रव्याचाच जास्त असतो.

झाल्यावर डबा कोमट असतानाच टिश्यूने पुसते, मग अर्धा कप पाणी आणि पिळलेल्या लिंबाच्या साली घालून १६० वर चार-पाच मिनिटं, बंद करून तासभर तसाच. आंबटाने मासळीचा वास तुटतो, आपण हाताला नाही का लिंबू चोळत, तेच. नंतर साधा साबण. तापलेला डबा थेट नळाखाली मात्र धरू नका, मी एकदा धरला, चर्रर्र आवाज आला आणि महिन्याभरात तळाचं कोटिंग फुगून पापुद्रे निघाले. नवा डबा घ्यावा लागला.

---

जाळीच्या कडेला छोटी रबरी बुटं असतात ती मोजून घ्या धुतल्यावर. आमचं एक सिंकच्या जाळीतून गेलं, लक्षातच नाही आलं, आणि जाळीची धार लागून डब्याला आतून गोल चरा पडला. सर्व्हिस सेंटरमध्ये सुटं मिळणार नाही म्हणाले, अख्खी जाळी घ्या म्हणे. शेवटी ऑनलाईन चारचा सेट मिळाला. आता मी बुटं काढून वाटीत वेगळी धुते.

---

मला तेलाच्या स्प्रेबद्दल लिहायचंय कारण माझं नुकसान त्यानेच झालं. कॅनमधला कुकिंग स्प्रे आणला होता, वाटलं तेल कमी लागेल. दोन महिन्यांत जाळीवर पिवळसर तपकिरी डाग, हात लावला की चिकट, आणि कितीही गरम पाण्यात भिजवा जात नाही. त्या स्प्रेत लेसिथिन असतं, ते नॉनस्टिकवर तापून तापून गोंदासारखं बसतं, ही गोष्ट मला नंतर कळली. भांडी घासायला येणाऱ्या ताईंना मी सांगितलं नव्हतं, त्यांनी डाग बघून मनापासून तारेच्या घासणीने घासलं, डाग गेले पण कोटिंगही गेलं. चूक पूर्ण माझी, सांगायला हवं होतं. आता जाळी मी स्वतःच धुते, स्पंजच्या मऊ बाजूने, आणि तेल सिलिकॉनच्या ब्रशने पदार्थाला लावते, जाळीला नाही. जाळीची भोकं साफ करायला बाळाच्या बाटलीचा ब्रश इतका छान चालतो!

---

आईची पद्धत लिहितो, कोल्हापूरची आहे आमची आई. तिचं म्हणणं, तेलकट भांड्याला आधी पाणी लावायचंच नाही. डबा कोमट असताना त्यात मूठभर पीठ टाकते, कणीक चाळलेला कोंडा असो की परातीला उरलेलं बेसन, आणि कोरड्या हाताने चोळते. पीठ सगळं तेल ओढून घेतं, गोळे होतात, ते कचऱ्यात. मग कोमट पाणी आणि थोडा साबण, एका हातात भांडं निघतं. आधी राखेने करायची, आता राख कुठून आणणार. मी टिश्यूचे ढीग वापरत होतो, आता मीही हेच करतो आणि सिंक पण तुंबत नाही.

आणि भज्याचं ओलं पीठ यात घालायचा प्रयत्न कुणी करू नका, जाळीतून गळून खाली सिमेंट होतं. ते दोन तास भिजवून लाकडी उलथन्याने काढलंय मी.

---

इकडे न्यू जर्सीत डिशवॉशर आहे म्हणून मी बिनधास्त सगळंच त्यात टाकत होते. डबा ठीक राहिला पण खालची जाळी ॲल्युमिनियमची होती, ती पाच-सहा धुण्यांत करडी पडली आणि हात लावला की काळं लागायचं. डिशवॉशरची पावडर क्षारीय असते, ॲल्युमिनियमला ती मानवत नाही. वर सोड्याबद्दल लिहिलंय तिथेही हेच लक्षात ठेवा, उघड्या ॲल्युमिनियमवर सोडा फार वेळ ठेवला की तेही काळवंडतं.

दुसरं म्हणजे इथे अपार्टमेंटमध्ये स्मोक अलार्म. एकदा कातडीसकट चिकन विंग्ज लावले आणि आदल्या दिवशीचं तेल खाली तसंच होतं, दहाव्या मिनिटाला अलार्म, बाळ झोपलेलं, शेजारी बाहेर. तेव्हापासून रात्री कितीही दमले तरी डबा धुतल्याशिवाय झोपत नाही.

---

रत्नागिरी. आमच्याकडे खारी हवा आणि जून ते सप्टेंबर नुसती ओल. तारेची जाळी असेल तर सांध्यांवर पहिल्याच पावसाळ्यात गंज येतो, माझ्या जाळीला आला. आता धुतल्यावर फडक्याने पुसून परत आत ठेवते आणि १५० वर तीन मिनिटं चालवते, कोरडी ठणठणीत होते. डबा थोडा बाहेर ओढलेला ठेवते म्हणजे आत कोंडत नाही.

झुरळांचं पण बोलायला हवं. तेलाचा वास आणि ऊब, त्यांना आणखी काय पाहिजे, मागच्या झरोक्यातून आत जातात. माझ्याकडे गणपतीत पाहुणे असताना डबा ओढला आणि एक बाहेर पळालं, आठवलं तरी अंगावर काटा येतो. खडू किंवा स्प्रे मशीनजवळ मारू नका, तीच हवा आपल्या खाण्यावर फिरते. मी मागची बाजू आठवड्याला पुसते आणि पूर्ण गार झाल्यावर जाड सुती पिशवी घालते, सासूबाईंनी जुन्या चादरीची शिवून दिलीय. भिंतीपासून पण चार-पाच इंच पुढे ठेवा, मागून निघणाऱ्या गरम हवेने आमच्या टाईल्स पिवळ्या पडल्या होत्या.

---

घरात पक्षी असतील त्यांच्यासाठी. आमचे लव्हबर्ड्स स्वयंपाकघराच्या खिडकीत असायचे. नॉनस्टिकचं कोटिंग साधारण २६० अंशांच्या पुढे तापलं तर त्यातून निघणाऱ्या वाफा पक्ष्यांना मारू शकतात, त्यांची श्वसनसंस्था फार नाजूक. एअर फ्रायर बहुतेक २०० पर्यंतच जातो, तरी वर साचलेलं तेल जळून होणारा धूरही त्यांना वाईटच. नवा मशीन पहिल्यांदा रिकामा चालवताना किंवा साफ करून तापवताना पिंजरा दुसऱ्या खोलीत न्या आणि दार लावून घ्या. आमचा पिंजरा आता कायमचा गॅलरीत आहे.

---

निगेत प्लगही येतो म्हणून लिहितो. १५०० वॅट म्हणजे साडेसहा अँपिअर, आमच्याकडे तो टीव्हीच्या ६ अँपिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डवर चालत होता. एक दिवस प्लग काढताना बोटाला चटका बसला, बघतो तर पिना काळ्या आणि बोर्डाचं भोक वितळून लांबट झालेलं. घरात आई एकट्याच असतात दुपारी, विचार करूनच पोटात गोळा आला. मोठा तीन पिनांचा पॉवर पॉइंट ओट्यावर काढून घेतला, इलेक्ट्रिशियनचं अर्ध्या दिवसाचं काम. डबा घासाल तेव्हा महिन्यातून एकदा पिनाही बघत जा.

---

धागाकर्ती परत आलेय. सगळ्यांनी इतकं भरभरून लिहिलंत, मनापासून आभार. नाशिकच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे काल पाठीवर झोपवून केलं आणि आडवा ठेवल्यावर पंख्याच्या समोरची जाळी दिसली, तिच्यामागे आणखी सालं होती, उलटा ठेवल्यावर ती मला दिसलीच नव्हती. चिमट्याने एकेक काढली, चहाचा चमचाभर निघाली. सोड्याचा लेप दोनदा लावावा लागला, दुसऱ्यांदा पुसल्यावर पत्रा चांदीसारखा उघडा पडला. रात्रभर वाळवून आज सकाळी रिकामा चालवला, थोडा वास आला आणि गेला.

शेंगदाण्यांसाठी आता वर एक स्टीलची छोटी जाळी पालथी ठेवून बघितली, सालं उडत नाहीत आणि दाणे दोन मिनिटं जास्त घेतात इतकंच. दुपारी कोथिंबीर वडी केली. सासूबाईंनी चार खाल्ल्या.